वाचकांचे प्रश्न : राजवटविरोधकांनी काढलेला एक छोटा चेक पक्ष

प्रश्न : चेक प्रजासत्ताकाचे माजी पंतप्रधान वात्स्लाव क्लाउस यांच्या ‘नागरी लोकशाही पक्षा’विषयी वाचताना त्यांच्या सरकारात ‘नागरी लोकशाही आघाडी’ नावाचा आणखी एक पक्ष असल्याचा उल्लेख आढळला. हे दोन पक्ष एकाच मुळाचे होते का? आणि दुसरा पक्ष आज का दिसत नाही?
— एक वाचक, कराड

उत्तर : नावे सारखी असली तरी पक्ष वेगळे होते. चेक आद्याक्षरांवरून मोठ्या पक्षाला ओडीएस आणि छोट्याला ओडीए म्हणत. वयाने छोटाच थोरला होता. कम्युनिस्ट राजवट कोसळत असताना, डिसेंबर 1989 मध्ये, ओडीएची स्थापना झाली. ओडीएस मात्र 1991 मध्ये, क्रांतीचे नेतृत्व करणारा ‘नागरी मंच’ फुटल्यावर त्यातून निघाला.

ओडीएचे मूळ सभागृहात नव्हे, तर प्रागमधल्या घरांच्या दिवाणखान्यांत शोधावे लागते. संस्थापकांपैकी डानिएल क्रोउपा हे तत्त्वज्ञ यान पाटोच्का यांचे विद्यार्थी. हे पाटोच्का राजवटीकडे मानवी हक्कांची मागणी करणाऱ्या ‘सनद 77’ या चळवळीच्या पहिल्या प्रवक्त्यांपैकी एक होते आणि पोलिसांच्या प्रदीर्घ चौकशीनंतर मार्च 1977 मध्ये त्यांचे निधन झाले. गुरूंच्या पश्चात क्रोउपा घरीच तत्त्वज्ञानाचे गुप्त वर्ग चालवत राहिले. दुसरे संस्थापक पावेल ब्राटिंका शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ, पण राजवटीची मर्जी गमावल्याने त्यांच्यावर बॉयलरमध्ये कोळसा टाकण्याचे काम करण्याची वेळ आली. दिवसा असे काम करायचे आणि रात्री दार लावून घेऊन, टंकलेखन यंत्रावर कार्बन लावून काढलेली पुस्तके वाचायची, अशा आयुष्यातून आलेल्या माणसांना खासगी मालमत्ता, मर्यादित सरकार आणि कायद्याचे राज्य या गोष्टी पुस्तकी वाटणे शक्यच नव्हते.

1992 च्या निवडणुकीत चेक विधिमंडळाच्या दोनशेपैकी 14 जागा ओडीएला मिळाल्या. पक्षाध्यक्ष यान काल्वोडा उपपंतप्रधान झाले आणि उद्योग व व्यापार खाते व्लादिमीर द्लोउही यांच्याकडे गेले. इथे एक गाठ लक्षात घ्यावी. द्लोउही हे 1989 च्या अखेरीपर्यंत कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते, आणि राजवटविरोधकांच्या या पक्षाचा सर्वांत लोकप्रिय चेहरा काही वर्षे तेच होते. मला यात पक्षाची अडचण स्पष्ट दिसते : विश्वासार्हता एका गटाची होती, मते मात्र दुसऱ्याच्या नावावर येत होती.

1996 मध्ये ओडीएला 13 जागा मिळाल्या. क्लाउस यांच्या तीन पक्षांच्या सरकाराकडे मिळून 99 जागा होत्या, म्हणजे बहुमताला दोन कमी. त्याच वर्षाच्या डिसेंबरात काल्वोडा यांनी राजीनामा दिला. कायद्याची पदवी असली तरी नावाआधी डॉक्टर लावण्यासाठी जी वेगळी परीक्षा द्यावी लागते ती न देताच ते ती उपाधी लावत होते, हे उघड झाले होते. एवढ्या कारणासाठी पद सोडणारे राजकारणी फार थोडे असतात. पक्षाने स्वतःसाठी कोणती मोजपट्टी ठरवली होती, ते यावरून कळते.

आणि त्याच मोजपट्टीने पक्षाचा घात केला. 1997 च्या अखेरीस ओडीएसच्या देणगीदारांच्या यादीत एक मृत हंगेरियन आणि मॉरिशसमधला एक अनभिज्ञ गृहस्थ असल्याचे बाहेर आले, आणि सरकार पडले. पुढच्या काही आठवड्यांत ओडीएलाही आपल्या पैशांचा हिशेब द्यावा लागला, तेव्हा व्हर्जिन बेटांवर नोंदलेल्या एका कंपनीच्या आडून खरे देणगीदार झाकले गेल्याचे दिसले. द्लोउही यांच्यासह अनेक नेते बाहेर पडले आणि जून 1998 ची निवडणूक पक्षाने लढवलीच नाही. त्याच निवडणुकीत ओडीएसला मात्र सुमारे 28 टक्के मते पडली. दोघांचा दोष जवळपास सारखाच, पण ओडीएसकडे गावोगावी शाखा होत्या आणि क्लाउस यांच्यावर निष्ठा असलेला मतदार होता. ओडीएचा सहा टक्के मतदार शहरी, शिकलेला, सचोटीसाठी मत देणारा. त्याला सचोटी दिसेनाशी झाली की थांबायला दुसरे कारण उरत नव्हते. शिवाय ओडीएसमधून फुटलेला ‘स्वातंत्र्य संघ’ त्याच्यासमोर नवा पर्याय म्हणून उभा होताच.

प्रश्न : मग पक्ष लगेच बंद झाला का?
— तेच वाचक

उत्तर : नाही. 1996 मध्ये निवडून आलेले सिनेटर होते, त्यामुळे तो टिकला, आणि क्रोउपा यांच्या अध्यक्षतेखाली चार पक्षांच्या आघाडीत गेला. पण जुन्या बँककर्जाचा प्रश्न सुटेना, त्यावरून मित्रपक्षांशी बिनसले आणि 2002 मध्ये ओडीएला आघाडीबाहेर राहून लढावे लागले. मते पडली सुमारे अर्धा टक्का. 2007 मध्ये पक्ष विसर्जित झाला. क्रोउपा 2004 पर्यंत सिनेटर होते. त्यांनी विद्यापीठातही तत्त्वज्ञान शिकवले.