दूध टाकीला वरून लटकतं तेव्हा

प्रश्न : ताई, मी एका डेअरीत इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. संकलन केंद्रांवरच्या सहा बल्क कूलरचं (दूध थंड ठेवणाऱ्या टाक्यांचं) तापमान आणि पातळी डेटाबेसमध्ये येते आणि ग्राफाना या आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर रेषांच्या आलेखात दिसते. शिफ्टवाले म्हणतात, "रेघोट्या नकोत, टाकी काढा. दूध कुठवर आलंय ते दिसू दे." स्वतःचं प्लगिन, म्हणजे ग्राफानाला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लिहावं म्हणतो. जावास्क्रिप्ट जेमतेम येतं. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, शिरोळ

उत्तर : शिफ्टवाल्यांचं बरोबर आहे. कॅन उतरत असताना आलेख वाचत कोण बसणार? पण प्लगिनला हात घालण्याआधी एक संध्याकाळ कॅनव्हास पॅनेलला द्या (पॅनेल म्हणजे ग्राफानाच्या पडद्यावरची एक चौकट). ते ग्राफानात आयतंच असतं. मागे केंद्राचा आराखडा लावायचा, वर आकडे मांडायचे, तापमान ४ अंशांच्या वर गेलं की रंग बदलायचा. तेवढ्यावर भागलं तर सुटलात. भरत जाणारी टाकीच हवी असेल तर पुढे वाचा.

ग्राफानाची प्लगिनं तीन जातींची : पॅनेल, डेटा सोर्स आणि अ‍ॅप. तुमचा डेटा आधीच येतोय, म्हणजे तुम्हाला फक्त पॅनेल लागेल. मशीनवर नोड (जावास्क्रिप्ट चालवायला) आणि डॉकर (चाचणीचा ग्राफाना चालवायला) टाका आणि ग्राफानाचं 'क्रिएट-प्लगिन' हे साधन चालवा. ते दोन-चार प्रश्न विचारून आख्खा सांगाडा तयार करून देतं. एका टर्मिनलमध्ये 'एनपीएम रन डेव्ह', दुसऱ्यात 'डॉकर कंपोज अप', आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ३०००. नमुन्याच्या पॅनेलमध्ये एक गोल दिसेल. तो दिसला म्हणजे निम्मी धास्ती गेली. आंतरजालावर अँग्युलर या वेब-फ्रेमवर्कमधले जुने धडे सापडतील, त्यांच्या नादी लागू नका. १२ व्या आवृत्तीत ग्राफानानं अँग्युलर काढूनच टाकलं. आता रिअ‍ॅक्ट आणि टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टचाच शिस्तीचा अवतार).

त्या गोलाच्या जागी एक आयत काढा. पॅनेलची रुंदी आणि उंची तुम्हाला प्रॉप्समध्ये, म्हणजे ग्राफाना तुमच्या कोडला देतं त्या माहितीत, मिळते. पातळी टक्क्यांत असेल तर उंचीला तिनं गुणून शंभरानं भागा, झाली दुधाची उंची. इथे सगळे एकदा फसतात. एसव्हीजीमध्ये (कोडनं आकृती काढायच्या पद्धतीत) वाय, म्हणजे उभं अंतर, वरून खाली मोजतात, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात दूध टाकीच्या वरच्या कडेला वटवाघळासारखं लटकतं. पूर्ण उंचीतून दुधाची उंची वजा करून येईल तो वाय द्या, मग ते तळाला बसतं.

आता माझीच फजिती. एका कामात मी डेटातली पहिली सिरीज (एका सेन्सरच्या वाचनांची मालिका) म्हणजे पहिली टाकी असं धरून चालले होते. कुणीतरी क्वेरीचा (डेटाबेसकडे डेटा मागण्याच्या आज्ञेचा) क्रम बदलला आणि तिसऱ्या टाकीचं तापमान पहिलीच्या नावाखाली झळकू लागलं. दोन दिवस चांगला सेन्सर बदलण्याच्या गोष्टी चालल्या होत्या! तेव्हापासून मी सिरीज क्रमांकानं उचलत नाही, नावानं किंवा लेबलनं शोधते. दुसरं, सेन्सर बंद पडला की 'नल', म्हणजे रिकामी किंमत, येतो. आळसानं तिथे 'नसेल तर शून्य' लिहिलंत, तर दूध शून्य अंशांवर गारेगार दिसेल आणि टाकी मात्र तापत असेल. 'नल' आला की टाकी राखाडी करा आणि 'वाचन नाही' असं ठळक लिहा.

कोड बदलला की ब्राउझर रिफ्रेश केला तरी चालतं, पण प्लगिन.जेसन ही प्लगिनच्या माहितीची फाइल बदललीत तर ग्राफाना बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. हे माहीत नसल्यानं माझी एक आख्खी दुपार गेली आहे.

हे सगळं तुमच्या लॅपटॉपवर छान चालेल आणि डेअरीच्या सर्व्हरवर नेलंत की प्लगिन यादीतून गायब! घाबरू नका. सही (ग्राफानाची डिजिटल मोहोर) नसलेलं प्लगिन ग्राफाना उचलत नाही. घरच्याच वापराचं असेल तर ग्राफाना.आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये प्लगिन्सच्या विभागात 'अलाउ लोडिंग अनसाइन्ड प्लगिन्स' या ओळीपुढे तुमच्या प्लगिनचा आयडी लिहा आणि सर्व्हर रीस्टार्ट करा. आयडी प्लगिन.जेसनमध्ये आहे तोच, अक्षर न अक्षर.