वाचक विचारतात : येशूविषयीचे पुरावे कसे तपासायचे?

प्रश्न : बायबल सोडून येशूचा उल्लेख जुन्या लेखनात कुठे आहे का? काही जण जोसेफसचं नाव घेतात, तर त्याचा मजकूर बनावट असल्याचंही वाचलं. खरं काय? (एक वाचक, वसई)

उत्तर : दोन्हींत तथ्य आहे. जोसेफस हा ज्यू इतिहासकार. ज्यूंचा इतिहास त्याने रोममध्ये इ.स. ९३-९४च्या सुमारास लिहून पुरा केला. त्यातल्या १८व्या खंडातला येशूवरचा परिच्छेद समोर ठेवा आणि हातात पेन्सिल घ्या. ‘त्याला माणूस म्हणावं की नाही’, ‘तो ख्रिस्त होता’ आणि ‘तिसऱ्या दिवशी तो पुन्हा जिवंत दिसला’ या आशयाच्या तीन जागा खोडा. जोसेफस कधीच ख्रिस्ती झाला नाही. तो येशूला ख्रिस्त मानत नव्हता, असं तिसऱ्या शतकात ओरिजेन हा ख्रिस्ती पंडित स्पष्ट लिहितो. चौथ्या शतकात चर्चचा इतिहास लिहिणारा युसेबियस मात्र हाच परिच्छेद या तीनही जागांसकट उतरवतो. नकला करताना कुणा ख्रिस्ती माणसाचा हात फिरला, हे उघड आहे. खोडून उरतं ते एवढं : येशू नावाचा एक शहाणा गुरू होता, त्याने चकित करणारी कृत्यं केली, रोमी सुभेदार पिलाताने त्याला क्रूसावर दिलं आणि त्याचे अनुयायी अजून टिकून आहेत. बहुतेक अभ्यासक एवढा गाभा जोसेफसचाच मानतात. काही जण पूर्ण परिच्छेद नाकारतात.

आमच्या मते २०व्या खंडातली ओळ जास्त भक्कम आहे. इ.स. ६२मध्ये एक रोमी अधिकारी वारला होता आणि दुसरा यायचा होता. ती संधी साधून महायाजक अनानुसने याकोबाला दगडमार करवला. हा याकोब कोण, तर ‘ख्रिस्त म्हणवल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ’. ख्रिस्ती नकलकाराने भर घातली असती, तर ‘म्हणवल्या जाणाऱ्या’ असं तुटक लिहिलं नसतं, ‘प्रभूचा बंधू’ म्हटलं असतं.

रोमी इतिहासकार टॅसिटस इ.स. ११६च्या सुमारास पिलाताने दिलेल्या देहदंडाची नोंद करतो, तीही ख्रिस्ती पंथाचा तिटकारा करत. पण त्याला ही माहिती कुठून मिळाली ते तो सांगत नाही. शिवाय पिलाताचा हुद्दा तो ‘प्रोक्युरेटर’ असा देतो. १९६१ साली कैसरियाच्या जुन्या नाट्यगृहात, पायरीला वापरलेला एक दगड सापडला. त्यावर पिलाताचा हुद्दा ‘प्रीफेक्ट’ असा कोरलेला आहे. टॅसिटसने आपल्या काळचा शब्द मागे नेला. साक्षीदार विश्वासू असला तरी असं घडतं, म्हणून शक्य तिथे एका साक्षीला दुसरी लावून पाहावी.

प्रश्न : माझ्या बायबलमध्ये मार्क १६:९-२० कंसात का छापलंय? (एक विद्यार्थिनी, श्रीरामपूर)

उत्तर : चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, सिनाइटिकस आणि व्हॅटिकॅनसमध्ये, मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे त्याने लिहिलेलं येशूचं चरित्र, सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावरच संपतं : स्त्रिया भ्याल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. पुढची १२ वचनं नंतर जोडलेली दिसतात. नवव्या वचनात मग्दालीया मरीयेची ओळख नव्याने करून दिलीय, जणू ती आधी आलीच नव्हती; खरं तर पहिल्याच वचनात ती कबरेकडे निघालेली आहे. अर्थात ही भर फार उशिराची नाही. इ.स. १८०च्या सुमारास इरेनियस हा बिशप त्यातलं एक वचन मार्कचं म्हणून देतो. साप उचलण्याचं आणि विष बाधणार नसल्याचं वचन याच भागात आहे. अमेरिकेत या वचनाच्या आधारावर उपासनेत विषारी साप हाताळणारे लोक दंश होऊन दगावले आहेत. कंसातल्या मजकुरावर आचरण उभारू नका, ही आमची कळकळीची विनंती.

प्रश्न : लूकने आपल्या शुभवर्तमानात सांगितलेल्या नावनिशीचा (जनगणनेचा) काळ जुळत नाही, असं ऐकलं. संडे स्कूलमध्ये मुलांना काय सांगू? (एक शिक्षिका, पुणे)

उत्तर : जुळत नाही, हेच सांगा. लूक येशूचा जन्म क्विरीनिय हा सुरियाचा (सीरियाचा) रोमी सुभेदार असतानाच्या नावनिशीच्या वेळी ठेवतो, आणि ती नावनिशी इ.स. ६ची. मत्तयाच्या म्हणण्याप्रमाणे येशू हेरोद राजाच्या हयातीत जन्मला, आणि हेरोद बहुधा इ.स.पू. ४मध्ये वारला. निदान नऊ-दहा वर्षांचं अंतर पडतं. क्विरीनिय आधीही एकदा सुभेदार होता, असा तोडगा सुचवतात. पण हेरोदाच्या शेवटच्या वर्षांतले सुरियाचे सुभेदार सातुर्निनुस आणि वारुस हे आपल्याला माहीत आहेत. लूकच्या ‘पहिली नावनिशी’ या शब्दांचा अर्थ ‘त्याआधीची नावनिशी’ असा करणंही ग्रीक वाक्याला ताणणं होतं. लूकची इथे गल्लत झाली असं आम्हाला वाटतं. यामुळे बायबलमधला शब्दन् शब्द अचूक असल्याचा दावा अडचणीत येतो. क्रूसावरच्या मरणाच्या पुराव्याला धक्का लागत नाही, कारण तो वेगळ्या साक्षींवर उभा आहे.

प्रश्न : प्रेषित बार्थोलोम्यू कल्याणला आला होता का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : युसेबियस फक्त ‘भारत’ म्हणतो, गावाचं नाव देत नाही, आणि त्या काळी दक्षिण अरबस्तानालाही भारत म्हणत. त्याहून पक्की नोंद सहाव्या शतकातली : कॉस्मास हा व्यापारी ‘कल्लियाना’ इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो. हे आपलंच कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात.

प्रश्न : पुनरुत्थान इतिहासाने सिद्ध होतं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : काही अंतरापर्यंतच इतिहास सोबत येतो. प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिलं पत्र इ.स. ५४च्या आसपास लिहिलं. त्याच्या १५व्या अध्यायात मरणानंतर येशू ज्यांना दिसला त्यांची, म्हणजे केफा (पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब अशी यादी आहे, आणि ‘मला जे मिळालं ते मी तुम्हाला दिलं’ असं तो म्हणतो. गलतीकरांस लिहिताना तो सांगतो की आपण केफाजवळ १५ दिवस राहिलो आणि याकोबालाही भेटलो. येशूचं मरण इ.स. ३० किंवा ३३मधलं. म्हणजे ‘आम्ही त्याला पाहिलं’ हा दावा फार लवकरचा आहे आणि दावा करणाऱ्या काहींना पौल स्वतः ओळखत होता. इथवर अनेक नास्तिक अभ्यासकही येतात. दावा करणाऱ्यांनी जे पाहिलं ते काय होतं, हे मात्र इतिहासाच्या साधनांनी ठरत नाही. तिथे देव आहे की नाही याविषयीचं तुमचं आधीचं मत काम करतं, आणि ते मान्य करूनच वाद घालावा.

तपासायला बसाल तेव्हा क्रम असा ठेवा : १ करिंथ १५:३-८, मग गलती १:१८-१९, मग मार्क १६:१-८, आणि शेवटी मत्तय २८, लूक २४, योहान २०. कागदावर रकाने आखा : कबरेकडे कोण गेलं, तिथे कोण दिसलं, पुढे शिष्यांना येशू गालीलात भेटला की यरुशलेमेत. पौलाच्या यादीत स्त्रिया नाहीत, रिकाम्या कबरेचा स्पष्ट उल्लेखही नाही. त्याचे रकाने तसेच कोरे ठेवा. शुभवर्तमानांतून उचलून भरू नका.