सरळ रेषेसाठी नवीन सोय मागण्याआधी

चित्रं काढायच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सरळ रेषेची सोय ब्रशच्या आतच दडलेली असते, त्यामुळे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे नवी मागणी करण्याआधी ती शोधा.

फोटोशॉप आणि गिंपमध्ये एक ठिपका द्या, पेन (स्टायलस) उचला, शिफ्ट दाबून दुसरीकडे टेकवा. दोन्ही ठिपके सरळ जोडले जातात. गिंपमध्ये कंट्रोलही दाबलंत तर रेषा १५ अंशांच्या टप्प्यांत वळते. क्रिटामध्ये ब्रश हातात असताना व्ही दाबून धरा. प्रोक्रिएटमध्ये रेष ओढून झाल्यावर पेन न उचलता क्षणभर थांबा, ती आपोआप सरळ होते.

नव्या मंडळींच्या हमखास चुका:

- शिफ्ट आधी दाबून मग ओढणं. फोटोशॉपमध्ये त्याने रेष फक्त आडवी किंवा उभी जाते, तिरपी हवी असेल तर अडते.
- पेन हलकं टेकवणं. जाडी दाबावर ठरत असेल तर रेष केसासारखी उमटते किंवा दिसतच नाही. ब्रशचा दाब तात्पुरता बंद करा.
- स्टॅबिलायझर (हाताची थरथर गाळणारी सोय) वाढवत नेणं. तो थरथर कमी करतो, रेष सरळ करत नाही. शिवाय रेष पेनामागे रेंगाळते.
- क्रिटात पट्टी मांडून ब्रशच्या पर्यायांतलं 'स्नॅप टू असिस्टंट्स' (रेष पट्टीला चिकटवणारा पर्याय) चालू न करणं.

एवढं करूनही अडलंच, तर खुशाल मागणी करा, पण 'सरळ रेष हवी' एवढ्यावर थांबू नका. कोणती कळ, कोन बांधलेला की मोकळा, जाडी दाबाने बदलावी की एकसारखी राहावी, हे लिहा.