तंत्रसल्ला : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स

प्रश्न : आमचं घरगुती निवासाचं छोटं काम आहे. लॅपटॉप २०१६चा; ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. विंडोज १० चे अपडेट थांबले, ११ चढत नाही. लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचं आहे, पण बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही आणि पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही. हिशोब टॅलीत आहेत. – एक वाचक, गुहागर

उत्तर : आधी टॅलीचं ठरवू. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, म्हणून विंडोज पुसू नका. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. विंडोजमध्ये फक्त हिशोबापुरतं शिरा. बँक, ईमेल, बुकिंग सगळं मिंटवर करा.

मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, ४ जीबीत तीच सुटसुटीत चालते. फाइल साधारण ३ जीबीची आहे आणि ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मोबाइल डेटावर उतरवताना रेंज गेली की फाइल अर्धवट राहते, म्हणून टॉरेंटने (फाइल तुकड्यातुकड्यांनी उतरवण्याची पद्धत) घ्या. ते तुटलेल्या जागेपासून पुढे सुरू होतं आणि प्रत्येक तुकडा तपासूनच घेतं. ब्राउझरने उतरवलीत तर सेव्हन-झिप या प्रोग्रॅमने तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइल तंतोतंत उतरली का हे सांगणारी खूण) काढून मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी जुळवा. हे टाळलं तर इन्स्टॉलेशन मध्येच अडकू शकतं आणि बोल लॅपटॉपला लागतो.

विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’, म्हणजे लॅपटॉप सुरू होण्याची पद्धत, बघा. तिथे यूईएफआय (नवी पद्धत) असेल तर रुफस या प्रोग्रॅमने इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवताना जीपीटी (त्या पद्धतीची डिस्कची मांडणी) निवडा. विंडोज एका पद्धतीने आणि मिंट दुसऱ्या पद्धतीने बसवलं, तर सुरुवातीच्या मेनूत दोन्ही एकत्र दिसत नाहीत.

आता खरी जोखीम. टॅलीचा डेटा, फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर मिंटला विंडोजचा भाग फक्त वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. मग डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह ६० जीबीने लहान करा. डिस्कची ही विभागणी चालू असताना वीज गेली तर डेटा जाण्याची भीती सर्वांत जास्त, म्हणून हे काम इन्व्हर्टरवरच करा. राउटरला लावतात तो १२ व्होल्टचा छोटा यूपीएस इथे चालणार नाही. लॅपटॉपला साधारण १९ व्होल्ट लागतात.

पेनड्राइव्हवरून सुरू करायला डेल आणि लेनोव्होत एफ१२, एचपीत एस्केप दाबून एफ९. पेनड्राइव्ह दिसलाच नाही तर दुसऱ्या पोर्टात लावून बघा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने संपर्कांवर हिरवट थर धरतो. लॅपटॉप बंद करून तो पोर्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला की बऱ्याचदा काम होतं. लगेच ‘इन्स्टॉल’ दाबू नका. आधी पेनड्राइव्हवरूनच अर्धा तास वापरून बघा : आवाज, कॅमेरा, वायफाय आणि मुख्य म्हणजे बिलाचा प्रिंटर. सगळं चालतंय असं दिसलं की रिकाम्या ६० जीबीत बसवा.

नवीन बॅटरी घेण्याआधी एसएसडीचा (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) विचार करा, असं आमचं आग्रहाचं सांगणं. २४० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी बसवली की हा लॅपटॉप अजून काही वर्षं नक्की चालेल.

प्रश्न : मिंट बसलं, पण वायफायचं चिन्हच नाही. – एक वाचक, देवगड

उत्तर : बहुधा ब्रॉडकॉमची चिप आहे. मोबाइल यूएसबी केबलने जोडा, मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून सुचवलेला ड्रायव्हर घ्या. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर मॅनेजर एक पासवर्ड ठेवायला सांगेल. रिस्टार्टनंतर निळा पडदा येईल, तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्या. पडदा तसाच जाऊ दिलात तर ड्रायव्हर असूनही वायफाय चालणार नाही.

प्रश्न : मिंट वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे! – एक वाचक, मालवण

उत्तर : घड्याळाची बॅटरी खराब नाही. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये (आदेश टाइप करायची खिडकी) timedatectl set-local-rtc 1 असं दिलं की दोघांचं जुळतं.