७००० चे २९०४ कसे झाले? वैश्विक किरणांवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या जिनिंगमध्ये कापूस खरेदीच्या नोंदी संगणकावर असतात. एका पावतीवर भाव ७००० रुपये छापलाय, शेतकऱ्याकडच्या प्रतीवरही तोच आहे. पण संगणकात आता तीच नोंद २९०४ दाखवते. मधल्या काळात ती नोंद कोणी बदललेली नाही. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे असं होतं असं वाचलं. खरं का?
– एक मुनीम, चोपडा

उत्तर : मुनीमजी, आधी दोन्ही आकड्यांची वजाबाकी करा. ४०९६ येतात, म्हणजे दोनाचा बारावा घात. संगणक आकडा शून्य-एकच्या घरांत मांडतो. ७००० लिहिताना ४०९६, २०४८, ५१२, २५६, ६४, १६ आणि ८ ही घरं भरलेली असतात. त्यातलं ४०९६ चं एकच घर रिकामं झालं की उरतात बरोबर २९०४. त्यामुळे एक बिट (म्हणजे असं एक घर) उलटल्याची शंका रास्त आहे.

तरी सॉफ्टवेअरवाल्याला एक गोष्ट विचारून घ्या : भाव कोणत्या रूपात साठवता? पूर्ण रुपयांत असेल तरच हे गणित लागू पडतं. पैशांत साठवत असतील तर फरक ४,०९,६०० पैशांचा होतो. तो दोनाचा घात नाही, म्हणजे एका बिटाचं ते काम नव्हे. अक्षरांसारखा साठवत असतील तर ७ चा २, एका शून्याचा ९ आणि दुसऱ्याचा ४ असं तीन ठिकाणी बदलावं लागेल. मग कोणाचा तरी हात लागलाय किंवा प्रोग्रॅममध्ये खोट आहे.

४०९६ हा आकडा या विषयात प्रसिद्ध आहे. बेल्जियममध्ये १८ मे २००३ च्या मतदानात स्खारबेक इथे एका उमेदवाराला नेमकी ४०९६ मतं जास्त दिसली. मिळू शकतील त्यापेक्षा मतं जास्त भरल्यामुळेच ते लक्षात आलं. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली नाही, आपोआप बिट उलटल्याचा निष्कर्ष निघाला. वैश्विक किरणांवर संशय आहे, पण ते सिद्ध झालेलं नाही.

तुमच्याकडेही तेच. बिट उलटला म्हणजे दोष आकाशाचाच असं धरू नका. हार्ड डिस्क प्रत्येक सेक्टरसोबत (साठवणीच्या छोट्या तुकड्यासोबत) तपासणीचे जादा बिट ठेवते, त्यामुळे तिथे एकटा बिट बिघडला तर ती स्वतःच तो सुधारते. म्हणून चूक बहुधा रॅममध्ये (चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीत) झाली : फाइल उघडी असताना बिट उलटला आणि तशीच ती पुन्हा सेव्ह झाली. रॅम मात्र किरणापेक्षा स्वतःच्या दोषाने जास्त चुकते. गूगलच्या सर्व्हरांवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाकाठी ८ टक्क्यांहून जास्त रॅमपट्ट्यांत चुका आढळल्या, आणि एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता पुष्कळ जास्त होती.

दोन्हींतला फरक ओळखता येतो. किरणाने चिप बिघडत नाही. त्या जागी नवं लिहिलं की ती पुन्हा बरोबर चालते, आणि तीच चूक तिथेच सहसा परत येत नाही. खराब पट्टी त्याच पत्त्यावर पुन्हा पुन्हा चुकते. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू करा आणि निदान चार पास (फेऱ्या) पूर्ण होऊ द्या, रात्रभर लागली तरी चालेल. चूक दिसली तर पट्ट्या काढून एकेक लावून तपासा. कॅबिनेटचं झाकण बंद ठेवा आणि शक्य असेल तर हीच चाचणी मे महिन्यात भर दुपारी पुन्हा करा. रॅमच्या प्रत्येक घरातला विद्युतभार सतत गळतो, म्हणून तो साधारण दर ३२ ते ६४ मिलिसेकंदांनी नव्याने भरावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो आणि जिनिंगमध्ये रुईचे तंतू पंख्यात आणि हीटसिंकमध्ये (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत) वाकळीसारखे बसतात. हंगामात दर पंधरवड्याला ब्लोअर मारा. एसएमपीएसची (वीज पुरवणाऱ्या डब्याची) १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ च्या मध्ये आहे ना, तेही मीटरने पाहा. एवढं सगळं ठीक निघालं तरच आकाशाकडे बोट दाखवा.

प्रश्न : हे किरण नेमकं करतात काय?
– विद्यार्थिनी, अभियांत्रिकी, जळगाव

उत्तर : १९१२ मध्ये व्हिक्टर हेस फुग्यातून ५३०० मीटरच्या आसपास चढला. वर जावं तसं प्रारण वाढतं हे त्याने मोजलं, आणि त्यासाठी १९३६ चं नोबेल त्याला मिळालं. हे किरण म्हणजे मुख्यतः प्रोटॉन. ते वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणूंवर आदळतात आणि कणांचा सडा खाली येतो. तळहात आडवा धरलात तर या सड्यातला म्यूऑन नावाचा कण सेकंदाला एखादा आरपार जातो, पण चिपला तो क्वचितच त्रास देतो. त्रास न्यूट्रॉनचा. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, म्हणून तो सरळ आत शिरतो. सिलिकॉनच्या अणुकेंद्रावर आपटला की केंद्राचे तुकडे उडतात आणि ते तुकडे वाटेत भाराचा माग सोडतात. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा अशी एक जोडी सुटी करायला ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये पावणेतीन लाखांहून जास्त जोड्या. रॅमच्या एका घरात असतात काही दहा हजार इलेक्ट्रॉन. आता अंदाज येईल.

अशा चुका चिपच्या वेष्टनामुळेही होतात. १९७८ च्या सुमारास इंटेलच्या मेमरी चिपा चुकत होत्या. कारण निघालं ते सिरॅमिकच्या वेष्टनातलं युरेनियम आणि थोरियम, त्यातून बाहेर पडणारे अल्फा कण.

प्रश्न : तोरणमाळला संगणक ठेवला तर चुका वाढतील का?
– शिक्षक, शहादा

उत्तर : तत्त्वतः हो. जळगाव दोनशे-सव्वादोनशे मीटरवर, तोरणमाळ साडेअकराशेच्या आसपास. तेवढ्या चढाने न्यूट्रॉन साधारण दुप्पट होतात. पण मुळातलं प्रमाण इतकं कमी आहे की शाळेच्या संगणकाला फरक जाणवणार नाही. आपण विषुववृत्ताजवळ असल्याने पृथ्वीचं चुंबकक्षेत्र बरेच प्रोटॉन परतवतं, तोही फायदा आहेच. १०-१२ किलोमीटरवरून उडणाऱ्या विमानात मात्र हे प्रमाण समुद्रसपाटीच्या काहीशे पट असतं, म्हणून तिथले संगणक एकमेकांना तपासत राहतात.

प्रश्न : सोलर इन्व्हर्टरमधला आयजीबीटी फुटला. मेकॅनिक म्हणतो, वैश्विक किरण. थाप आहे का?
– शेतकरी, साक्री

उत्तर : दादा, थाप नाही, पण पुरावाही नाही. आयजीबीटी म्हणजे मोठी वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. बंद अवस्थेत मोठा व्होल्टेज झेलणाऱ्या आयजीबीटीत न्यूट्रॉन आदळला तर आतला भार एकदम वाढत जातो आणि तो क्षणात शॉर्ट होतो. १९९० च्या दशकात रेल्वे इंजिनांसाठीचे असे भाग कारण न कळता फुटायचे. चाचणी जर्मनीतल्या मिठाच्या खाणीत, जमिनीखाली नेली तेव्हा फुटणं थांबलं.

व्होल्टेज थोडा वाढला तरी हा धोका अनेक पटींनी वाढतो, म्हणून १२०० व्होल्टचा भाग साधारण ६०० ते ८०० वरच वापरतात. तुम्ही स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेल्या पॅनेलांची माळ) मोजा. ४९.५ व्होल्टची २० पॅनेल म्हणजे ९९०. हा आकडा २५ अंशांचा. थंडीत पहाटे ७ अंश असतील तर दर अंशाला सुमारे ०.३ टक्के वाढतात, म्हणजे १०४३. इन्व्हर्टरची मर्यादा १००० असेल तर एक पॅनेल काढलं पाहिजे. तुमचा भाग हिवाळ्यात सकाळी फुटला असेल तर आधी हेच बघा. उन्हाळ्यात दुपारी फुटला असेल तर पंखा, धूळ आणि हीटसिंकखालची पेस्ट.

प्रश्न : पतसंस्थेसाठी नवा सर्व्हर घ्यायचाय. संगणकाला शिशाचा पत्रा लावावा का?
– व्यवस्थापक, अमळनेर

उत्तर : नको. असे न्यूट्रॉन शिशाच्या पत्र्याला दाद देत नाहीत. तो खर्च ईसीसी, म्हणजे चूक ओळखून सुधारणाऱ्या, रॅमवर करा. यात ६४ बिटांमागे ८ जादा बिट असतात. त्यांमुळे एका बिटाची चूक सुधारली जाते, दोन बिटांची निदान कळते. प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्ही ईसीसी मानणारे हवेत, नाहीतर पट्टी लागते पण तपासणी होत नाही. दुकानदार ‘डीडीआर५ मध्ये (रॅमच्या नव्या पिढीत) ईसीसी असतंच’ म्हणेल. ते फक्त चिपच्या आतलं; चिप ते प्रोसेसर या वाटेवरची चूक त्यात सापडत नाही. कोटेशनवर ‘७२ बिट’ किंवा डीडीआर५ साठी ‘८० बिट’ लिहून घ्या (डीडीआर५ च्या काही पट्ट्या ७२ च्याही येतात). सर्व्हर आल्यावर सुधारलेल्या चुकांची नोंद दर महिन्याला पाहा. वर्षात एखादी दिसली तर काळजी नको. एकाच पट्टीवर रोज दिसू लागली तर वॉरंटी संपायच्या आत ती बदलून घ्या.