भाडेनियंत्रण : घरात असलेल्याला आधार, घर शोधणाऱ्याचं काय?

घरभाड्यावर कायद्याने मर्यादा घालावी का, याबद्दल भाडेकरूंनी विचारलं आहे तसंच घरमालकांनीही. त्यातल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : आम्ही बरीच वर्षं एकाच घरात भाड्याने राहतो. करार नव्याने करायची वेळ आली की मालक किती भाडं वाढवतील, या धास्तीत दोन-तीन महिने जातात. मुलांची शाळा जवळ आहे, सासूबाईंचे डॉक्टर जवळ आहेत. भाडेवाढीला मर्यादा आली तर आमच्यासारख्यांचं भलंच होईल. मग अर्थतज्ज्ञ विरोध का करतात?

तुमचं भलं होईल, यात शंका नाही. नियंत्रणाचे काही टीकाकार तुमची धास्ती हिशेबातच धरत नाहीत. भाडं परवडत नसेल तर दुसरीकडे जा, एवढंच सांगून ते मोकळे होतात. पण घर बदलणं म्हणजे फक्त सामान हलवणं नव्हे. शाळा, डॉक्टर, शेजार, कामाला जायचा रस्ता, सगळंच बदलतं. मालकालाही हे ठाऊक असतं. बाजारभावापेक्षा थोडं जास्त मागितलं तरी तुम्ही मुकाट्याने द्याल, याची त्याला खात्री असते. भाडेवाढीवरची मर्यादा तुम्हाला या अडवणुकीपासून वाचवते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या अनुभवातून या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. तिथे १९७९ पासून भाडेनियंत्रण होतं, पण लहान इमारती त्यातून वगळलेल्या होत्या. १९९४ मध्ये मतदारांनी ही सूट काढून टाकली. १९८० पूर्वी बांधलेल्या लहान इमारती नियंत्रणाखाली आल्या, त्यानंतरच्या बाहेर राहिल्या. रेबेका डायमंड, टिम मॅक्वेड आणि फ्रँकलिन चियान या अभ्यासकांनी या दोन गटांची तुलना केली आणि २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नियंत्रण लागू झालेल्या घरांतले भाडेकरू त्याच पत्त्यावर टिकून राहण्याची शक्यता १० ते २० टक्क्यांनी वाढली होती. वयस्कर आणि जुन्या भाडेकरूंना सर्वाधिक आधार मिळाला. आता दुसरी बाजू. या इमारतींच्या मालकांनी भाड्याने द्यायची घरं १५ टक्क्यांनी कमी केली. कुणी ती मालकी हक्काने विकली, कुणी इमारत पाडून नवी उभारली. घरं कमी झाल्यामुळे शहरभरातलं भाडं ५.१ टक्क्यांनी चढलं. आधीच्या भाडेकरूंचा फायदा आणि पुढे घर शोधणाऱ्यांचा तोटा या अभ्यासकांनी मांडला, तेव्हा दोन्ही रकमा जवळपास सारख्या निघाल्या.

अर्थतज्ज्ञांच्या विरोधाचं मूळ इथे आहे. शिकागो विद्यापीठाच्या एका मंचाने २०१२ मध्ये नामवंत अर्थतज्ज्ञांना विचारलं होतं, की न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत भाड्यावरच्या मर्यादांमुळे परवडणाऱ्या घरांची संख्या आणि दर्जा सुधारला का? ८१ टक्के तज्ज्ञांनी नाही म्हटलं, हो म्हणणारे जेमतेम २ टक्के होते. मात्र हा प्रश्न घरांच्या संख्येबद्दल आणि दर्जाबद्दल होता, तुमच्या स्थैर्याबद्दल नव्हता. स्थैर्यालाही मोल आहे. मला खटकतं ते एवढंच, की त्या स्थैर्याची किंमत दुसऱ्या एखाद्या भाडेकरूला मोजावी लागते आणि तो समोर दिसत नाही.

प्रश्न : मी निवृत्त आहे, एक घर भाड्याने दिलं आहे. भाडं कायद्याने गोठवलं तर गळकं छत आणि गंजलेले नळ मी कशातून दुरुस्त करायचे?

तुमची तक्रार रास्त आहे. भाडं गोठवणं हा नियंत्रणाचा सर्वांत वाईट प्रकार आहे. बहुतेक वेळा तो युद्धकाळात जन्माला आला. १९१५ मध्ये ग्लासगोत युद्धसामग्रीच्या कारखान्यांमुळे कामगारांची गर्दी झाली, मालकांनी भाडी वाढवली. तेव्हा मेरी बार्बर यांच्यासारख्या स्त्रियांनी भाडं न देण्याचं आंदोलन उभारलं आणि ब्रिटिश सरकारला भाडी रोखावी लागली. त्या परिस्थितीत ते योग्यच होतं. माणसं घराबाहेर काढली जात होती आणि युद्ध चालू असताना नवी घरं बांधली जाणार नव्हती. पण असा तात्पुरता उपाय पुढे उठतच नाही. ज्यांना त्याचा लाभ मिळतो ते एकवटलेले असतात. ज्यांना तोटा होतो ते विखुरलेले, आणि त्यातले काही तर अजून त्या शहरात आलेलेही नसतात.

मुंबईत काय झालं ते पाहा. १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. महागाई कित्येक पटींनी वाढली, पण भाडं जवळपास तिथेच राहिलं. भाड्यातून दुरुस्ती निघेना, तेव्हा मालकांनी दुरुस्ती सोडून दिली. जुन्या इमारती धोकादायक झाल्या आणि १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी सरकारी मंडळ नेमून इमारतींवर उपकर बसवावा लागला. कायद्याने भाडं वाढू दिलं नाही, तेव्हा घराची खरी किंमत पागडीच्या रूपाने टेबलाखालून वसूल होऊ लागली. म्हणजे महिन्याचं भाडं नाममात्र, पण घरात शिरायलाच एकरकमी मोठी रक्कम हवी. ज्याच्याकडे ती नाही त्याच्यासाठी ते घर स्वस्त नव्हतंच. अखेर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की भाडं असं गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अन्याय्य झाल्या आहेत. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. पण अर्ध्या शतकाची तूट एवढ्याने भरून निघणार नव्हती.

तेव्हा मर्यादा घालायचीच असेल तर ती महागाईशी जोडलेली हवी, आणि मोठ्या दुरुस्तीचा खर्च ठरावीक वर्षांत भाड्यातून वसूल करायची सोय हवी. पण एक गोष्ट तुमच्या बाजूलाही सांगायला हवी. गळकं छत भाडेकरूच्या डोक्यावर असतं. दुरुस्तीचा पैसा मिळायला हवा असेल, तर दुरुस्ती झालीच पाहिजे हे बंधनही स्वीकारायला हवं.

प्रश्न : नव्या नोकरीसाठी शहर बदलतोय. तिथे म्हणे भाडी कायद्याने कमी ठेवलेली आहेत, पण प्रत्यक्षात घरच मिळत नाही. हे काय गौडबंगाल आहे?

भाव दाबला की घरं स्वस्त होतात, पण ती कुणाला द्यायची हे तरी ठरवावं लागतंच. पैशाने ते ठरत नसेल तर रांगेने ठरतं, ओळखीने ठरतं किंवा नशिबाने. स्टॉकहोममध्ये महापालिकेची अधिकृत प्रतीक्षायादी आहे आणि तिथे घरासाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात. बर्लिनने २०२० मध्ये २०१४ पूर्वीच्या सुमारे १५ लाख घरांची भाडी गोठवली. त्या घरांची भाडी उतरली, पण भाड्याने उपलब्ध अशा घरांच्या जाहिराती निम्म्याहूनही कमी झाल्या. जो आत होता तो हलेना, आणि रिकामं झालेलं घर मालक विकू लागले. नियंत्रणाबाहेरच्या नव्या घरांची भाडी मात्र चढली. एप्रिल २०२१ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने हा कायदा रद्द केला, पण कारण वेगळं होतं : भाड्याचा कायदा केंद्राने आधीच केलेला असताना राज्याला (बर्लिन हे शहर जर्मनीतलं एक राज्यही आहे) तो अधिकार नाही, असं न्यायालय म्हणालं.

तुमच्यासारख्याला अशा बाजारात सगळ्यात जास्त झळ बसते. तुमच्या आधी आलेल्यांचं भाडं कमी असतं आणि नेमक्या त्याचमुळे तुमच्यापर्यंत घर पोचत नाही. घरमालकाला दहा अर्जदारांतून एक निवडायचा असतो. भाडं सारखंच मिळणार असेल, तर तो जात, धर्म, लग्न झालंय की नाही, मुलं किती, हे बघून निवडतो. गरीब आणि परक्या माणसाला घर मिळावं हा ज्या कायद्याचा हेतू, तोच त्यांना नाकारणं सोपं करून ठेवतो. याचा मला मनापासून राग येतो.

प्रश्न : नवी बांधकामं वगळली आणि माफक वाढीला परवानगी दिली, तर नियंत्रण निर्धोक होतं ना?

बरंचसं. १९९५ मध्ये अर्थतज्ज्ञ रिचर्ड अर्नॉट यांनी हाच मुद्दा मांडला होता : भाडी गोठवणारे जुने कायदे आणि वाढीला वाट ठेवणारे नंतरचे कायदे एकाच मापाने मोजू नयेत. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याच्या २०१९ च्या मूळ कायद्यात महागाई अधिक ७ टक्के इतकी वाढ चालत होती (२०२३ मध्ये ही मर्यादा थोडी कडक झाली) आणि १५ वर्षांपेक्षा नव्या इमारतींना सूट आहे. नेहमीचं भाडं त्याने ठरत नाही, एकदम दीडपट करून भाडेकरूला हुसकावणं तेवढं थांबतं.

याच्या उलट अमेरिकेतल्याच सेंट पॉल शहराने २०२१ मध्ये मतदान घेऊन वर्षाला ३ टक्क्यांची मर्यादा लावली. नव्या इमारतींनाही सूट नाही, महागाईशीही संबंध नाही. बांधकाम परवान्यांचे अर्ज लगेच घसरले. वर्षभरातच नगर परिषदेला नव्या बांधकामांना २० वर्षांची सूट द्यावी लागली.

तरी पूर्ण निर्धोक म्हणता येत नाही. आज सूट मिळाली तरी उद्या ती काढून घेतली जाईल, ही भीती बांधणाऱ्याच्या मनात राहते. सॅन फ्रान्सिस्कोत लहान इमारतींची सूट १५ वर्षांनी गेलीच होती.

प्रश्न : तुटवडा हेच मूळ दुखणं असेल तर कायदे कशाला? घरं बांधू द्या, भाडी आपोआप उतरतील.

उतरतात, मीही तेच म्हणेन. ऑकलंडने २०१६ मध्ये शहरातल्या सुमारे तीन चतुर्थांश निवासी जमिनीवर अधिक घरं बांधायला परवानगी दिली आणि पुढच्या पाचेक वर्षांत बांधकाम परवाने दुपटीवर गेले. हेलसिंकीतल्या अभ्यासात दिसलं, की शहराच्या मध्यभागी महागडी घरं बांधली तरी तिथे जाणाऱ्यांची जुनी घरं रिकामी होतात, त्यांत दुसरे जातात, आणि ही साखळी दोन-तीन वर्षांत कमी उत्पन्नाच्या वस्त्यांपर्यंत पोचते.

पण ‘आपोआप’ हा शब्द मला मान्य नाही. जमीन, परवाना, बांधकाम यात वर्षं जातात, आणि ज्या कुटुंबाला पुढच्या महिन्यात घर सोडायला सांगितलंय त्याला तेवढी सवड नसते. व्हिएन्नाने बाजारावर सगळं सोपवलं नाही. १९२० च्या दशकापासून महापालिकेने स्वतः घरं बांधली, आणि आज शहरातले जवळपास निम्मे लोक महापालिकेच्या किंवा मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या संस्थांच्या घरांत राहतात. म्हणून माझं मत असं : विनाकारण घर रिकामं करायला लावण्यावर बंदी आणि अवाच्या सवा वाढीवर मर्यादा आजच हवी. मात्र ज्या सरकारने घरं बांधायच्या वाटेतले अडथळे तसेच ठेवून फक्त मर्यादा जाहीर केली, त्याने भाडेकरूंसाठी काही केलं असं मी मानणार नाही.

प्रश्न : त्यापेक्षा गरजूंना सरकारने थेट भाड्याचे पैसे दिले तर?

तत्त्वतः मला हेच अधिक न्याय्य वाटतं. गरिबाला घर देणं ही सगळ्या समाजाची जबाबदारी आहे. ज्याच्याकडे योगायोगाने जुना भाडेकरू आहे अशा एका मालकावर ती टाकणं बरोबर नाही. शिवाय नियंत्रित घरात सधन कुटुंबही राहत असतं, अनुदान मात्र उत्पन्न पाहून देता येतं. अडचण एकच. जिथे नवी घरं बांधताच येत नाहीत, तिथे अनुदान मिळालेले सगळे त्याच मोजक्या घरांसाठी चढाओढ करतात आणि बरेचसे पैसे भाडं वाढून मालकाकडेच जातात. तेव्हा अनुदानाची मागणी करताना त्याच निवेदनात बांधकाम परवान्यांचीही मागणी घाला.