फ्रीमेसन, म्हणजे त्या जुन्या बंधुसंघटनेचा सदस्य, व्हायला देव मानावा लागतो का? आणि कुठल्याही धर्माचा माणूस तिथे खरंच चालतो का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत: हो, सर्वोच्च शक्तीवर श्रद्धा लागते, तिला तुम्ही कुठल्या नावाने हाक मारता हे कुणी विचारत नाही. शपथ आपापल्या धर्मग्रंथावर घ्यायची, आणि लॉजमध्ये, म्हणजे मेसनांच्या स्थानिक शाखेत, धर्म व राजकारण यांवर वाद घालायचा नाही. दुसऱ्या प्रश्नावरून मात्र माझं आमच्याच एका ज्येष्ठ बंधूंशी (मेसन एकमेकांना बंधूच म्हणतात) वर्षानुवर्षं वाजतंय, म्हणून जरा लांबण लागेल.

मी एका मित्राचं नाव लॉजमध्ये सुचवलं होतं. तो बौद्ध. कामावरच्या एका सहकाऱ्याच्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी याने परस्पर रक्तदाते गोळा केले आणि स्वतःचं नाव कुठे येऊ दिलं नाही; मलाही ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं. असा माणूस लॉजला मिळतोय म्हणून मी खूश होतो.

मुलाखतीला समितीचे तिघे होते. ठरलेला प्रश्न आला, सर्वोच्च शक्ती मानता का? या प्रश्नावर बहुतेक उमेदवार क्षणात ‘हो’ म्हणतात आणि पुढचा प्रश्न येतो. हा थांबला. म्हणाला, ‘जग निर्माण करणारा कुणी बसलाय असं मी मानत नाही. पण या जगाला एक नैतिक नियम आहे, तो माझ्यापेक्षा मोठा आहे आणि त्याच्यापुढे मी मान झुकवतो. शपथ घ्यायची तर धम्मपदावर घेईन, आणि घेतली की पाळीन.’ तिघांनी आपसात बराच वेळ चर्चा केली, त्याला आणखी दोन-चार प्रश्न विचारले आणि शिफारस अनुकूल दिली.

मग मतदान. ज्यांनी ती पेटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: लाकडी पेटी असते, हात आत घालायचा आणि गोटी सोडायची. तुमची गोटी कुठल्या खणात पडली ते शेजारच्यालाही दिसत नाही. पेटी सगळ्यांपुढून फिरली, मास्टरनी, म्हणजे लॉजच्या प्रमुखांनी, खण ओढला आणि त्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं. नाकारायला पुरतील इतक्या काळ्या गोट्या, म्हणजे नकाराची मतं, होती. समितीची शिफारस वाचली तेव्हा सभेत एकानेही हरकत घेतली नव्हती. कारण त्याच्या उत्तराचं होतं, धर्माचं होतं की आणखी कशाचं, ते पेटीला विचारता येत नाही. बाहेर येऊन त्याला निरोप सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्याने फक्त विचारलं, ‘उत्तर चुकलं का माझं?’

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर ते ज्येष्ठ बंधू मला म्हणाले, ‘तू त्याला आधीच पढवायला हवं होतंस. नुसतं हो म्हणायचं, विषय संपला. आणि लॉजच्या सलोख्यासाठी एखादा माणूस गेला तर एवढं काय?’

हे मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. ज्या कसोटीत खरं बोलणारा नापास होतो आणि देवाचा कधी विचारही न केलेला पास होतो, तिला सदस्यत्वाचा निकष कसं म्हणायचं? शिवाय हा ‘सलोखा’ आजचा नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या माणेकजी खरशेटजींना पारशी म्हणून लॉजचं दार उघडेना. परमेश्वर एकच मानणारा माणूस, म्हणजे नियमाची अडचण शून्य. शेवटी ते पॅरिसला जाऊन मेसन झाले, आणि 1843 मध्ये जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टर-मेसनच्या पुढाकाराने भारतीयांसाठी स्कॉटिश सनदेचं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत निघालं. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्तांचं नाव 1860 च्या दशकात पुढे आलं, तेव्हा हरकत काय, तर हिंदू अनेक देव मानतो, त्याची शपथ कशी धरायची? प्रकरण थेट लंडनच्या ग्रँड लॉजपर्यंत, म्हणजे लॉजेसवरच्या वरिष्ठ संस्थेपर्यंत, गेलं आणि दत्तांना 1872 मध्ये प्रवेश मिळाला. लंडनच्या ग्रँड लॉजची घटना तर 1815 पासूनच सांगत होती की विश्वाचा निर्माता मानणारा आणि नीतीने वागणारा माणूस कुठल्याही धर्माचा वा उपासनेचा असला तरी वर्ज्य नाही. घटना तीच होती, आणि अडवणारेही तीच घटना हातात धरून अडवत होते. पुढे याच देशात 1961 साली स्वतंत्र ग्रँड लॉज झालं तेव्हा पहिले ग्रँड मास्टर रामपूरचे नवाब होते. तेव्हा अमक्या धर्माच्या माणसाने सलोखा बिघडतो, हे मला कुणी सांगू नये.

अमेरिकेत तर धर्माचाही प्रश्न नव्हता. बोस्टनचे कृष्णवर्णीय प्रिन्स हॉल 1775 मध्ये आयरिश लष्करी लॉजमध्ये मेसन झाले, त्यांच्या लॉजला 1784 मध्ये लंडनहून सनद मिळाली. देव मानणारे, बायबलवर शपथ घेतलेले लोक. तरी गोऱ्या ग्रँड लॉजनी त्यांच्या परंपरेला जवळजवळ दोन शतकं दूर ठेवलं. कनेक्टिकट राज्याच्या ग्रँड लॉजने मान्यता दिली ती 1989 मध्ये.

याच्या उलट फ्रान्स पाहा. तिथल्या ग्रँड ओरिएंटने, म्हणजे ग्रँड लॉजसारख्याच वरिष्ठ संस्थेने, 1877 मध्ये देवावरच्या श्रद्धेची अट उघडपणे काढली आणि लंडननेही उघडपणे संबंध तोडले. मला लंडनची बाजू पटते, श्रद्धेची अट असावी. पण दोघांनीही जे केलं ते तोंडावर सांगून केलं. स्वीडिश पद्धतीच्या लॉजमध्ये ख्रिस्ती असणं लागतं. ते मला अजिबात पटत नाही, पण निदान अर्ज करणाऱ्याला आधी माहीत असतं. माझ्या मित्राला समितीने ‘तुमची श्रद्धा आमच्या अटीत बसत नाही’ असं सांगितलं असतं, तर मी वाद घातला असता आणि निर्णय मानला असता.

निकष ढिले करा असं मी म्हणत नाही, हे इथे स्पष्ट करतो. चारित्र्य, घरच्यांची संमती, घरखर्चाला धक्का न लावता वर्गणी भरण्याची ऐपत, धंद्यासाठी ओळखी काढायला न येणं, हे सगळं आणखी कडक तपासा. गुप्त मतदानही राहू द्या. शेजाऱ्याला फसवणारा माणूस कधी कधी एकाच सदस्याला माहीत असतो आणि त्याला बोलता येत नाही. पण श्रद्धेचा मुद्दा समितीपुढेच निकाली निघावा. ज्याला हरकत आहे त्याने उभं राहून ती सांगावी.

तो मित्र पुढे दुसऱ्या एका लॉजमध्ये गेला. तिथे त्याने तेच उत्तर दिलं, शब्दही फारसा बदलला नाही, आणि धम्मपदावर शपथ घेतली. आज त्या लॉजचं मदतकार्य तो सांभाळतो, आणि आमच्या लॉजमधल्या दोन विधवांची पेन्शनची कागदपत्रं त्यानेच मार्गी लावली. आमच्या ज्येष्ठ बंधूंना हे ठाऊक आहे. विषय काढला की अजूनही ते सलोख्यावरच येतात.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहिली: तुम्ही बाई असाल तर हे सगळं पुरुषांच्या लॉजचं आहे. स्त्रियांची वेगळी लॉजेस आहेत आणि 1893 मध्ये पॅरिसला सुरू झालेली स्त्री-पुरुषांची एकत्र परंपराही आहे, पण लंडनला मानणारी ग्रँड लॉजेस तिला मान्यता देत नाहीत. कॅथलिक असाल तर लॉजची हरकत नाही, चर्चची आहे, 1738 पासून. आणि कट्टर नास्तिक असाल तर आमच्याकडे खोटं बोलून येऊ नका, फ्रेंच परंपरेचं लॉज शोधा.

अर्ज करण्याआधी त्या लॉजच्या उपनियमांत किती काळ्या गोट्यांवर नकार होतो ते विचारून घ्या. कुठे तीन, कुठे एकच पुरते. मुलाखतीत श्रद्धेबद्दल विचारतील तेव्हा जे मानता ते सविस्तर सांगा, आणि ‘नुसतं हो म्हणा’ असा सल्ला तुमचं नाव सुचवणाऱ्याने दिला, तर नाव सुचवायला दुसरा माणूस बघा.